ट्रकच्या साइड मिररचा बोल्ट आतच तुटलाय, पूर्ण जाम आहे, कसा काढू?

आंबाघाट_१४

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय. आमची १४ फुटी गाडी आहे, वडिलांनी २०१४ ला घेतली, आता मीच चालवतो. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यावरनं मासळी भरायची, वर बर्फ, आणि आंबा घाट चढून कोल्हापूर, येताना भाजीपाला नाहीतर मिळेल ते. म्हणजे गाडीवर खारं पाणी कायम असतं, घरसुद्धा समुद्रापासून लांब नाही, त्यामुळे गंज हा आमच्या गाडीचा रोजचाच विषय आहे.

तर झालं असं की क्लीनर साइडच्या आरशाचा दांडा हळूहळू खाली यायला लागला. आरशाची पट्टी पुढच्या काचेच्या बाजूच्या पिलरला बसवलेली आहे, वरच्या पट्टीला दोन बोल्ट, खालच्या पट्टीला दोन, सगळे १३ नंबरच्या पान्याचे. वरची पट्टी काढून मागचं रबर बदलावं म्हणून रविवारी बसलो. पहिला बोल्ट कुरकुर करत निघाला. दुसरा हलेना. डब्ल्यूडी ४० मारलं, अर्धा तास थांबलो, पान्याला पाइप लावला आणि जरा जोर दिला तर आधी मऊ लागल्यासारखं झालं, मला वाटलं सुटला, आणि टक् करून डोकं हातात. साधारण ३ मिलिमीटर तुकडा बाहेर राहिला होता तो वाइस ग्रिपने धरला, तो पण फिरता फिरता तुटला. आता बोल्ट पत्र्याच्या बरोबरीत आहे, धरायला काहीच नाही.

आमच्या इथला एक जण म्हणतोय की त्याचा नाद सोड, पट्टीच थेट पिलरला वेल्ड करून टाकतो, दहा मिनिटांचं काम. मला ते पटत नाहीये पण पुढच्या महिन्यात पासिंग आहे आणि आरशाची वरची पट्टी आत्ता एका बोल्टवर आणि सुतळीवर उभी आहे. घाटात डावीकडचं काही नीट दिसत नाही, आरसा थरथरतो. माझ्याकडे साधं हँड ड्रिल आहे, पाने सॉकेट आहेत, बाकी विशेष काही नाही. कोणी असा बोल्ट काढला असेल तर नीट सांगा, घाई केली की आणखी बिघडेल असं वाटतंय.

घाटातला_ड्रायव्हर

बोल्टाचं इथली जाणकार मंडळी सांगतील, मी आधी दुसरं सांगतो. सुतळीवरचा आरसा घेऊन रात्री घाट उतरू नकोस रे बाबा. क्लीनर साइडचा आरसा हा आपल्या गाडीचा निम्मा डोळा आहे. आपण उजवीकडे बसतो, डावीकडनं दुचाकीवाला कधी आत घुसला ते त्या आरशाशिवाय कळायचा दुसरा मार्गच नाही, आणि वळणावर मागचं चाक कठड्यापासून किती आहे ते पण तिथंच दिसतं. ३१ वर्षं चालवली गाडी, एकदा अशाच हलणाऱ्या आरशामुळे मागून आलेला स्कूटरवाला मला दिसला तो अगदी शेवटच्या क्षणी, तो वाचला पण मी पुढे दोन दिवस गाडीवर बसलो नाही.

तोपर्यंत काम चालवायचं असेल तर सुतळी काढ. होज क्लिप असते ना रेडिएटरच्या पाइपची, मोठ्या मापाच्या दोन घे, जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घाल आणि खालच्या दांड्याला आवळ. सुतळी ओली झाली की सैल पडते, क्लिप पडत नाही. आणि फेरी दिवसाचीच घे, सोबत क्लीनर असू दे. पासिंगला आरसा बघतातच, पण ते नंतरचं, आधी तुझा जीव आणि रस्त्यावरच्याचा जीव.

लेथ_आणि_टॅप

पट्टी वेल्ड करू नकोस, हे आधी ठरवून टाक. तिथला पत्रा पातळ असतो, वेल्डच्या कडेनेच तो पुढे चिरतो कारण आरशाचा दांडा दिवसभर हलत असतो आणि सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. शिवाय आतल्या बाजूचा रंग जळतो आणि तिथे तुला हातही घालता येत नाही, मग गंज आतून सुरू. पुढे आरसा फुटला, दांडा वाकला तर काय करणार, प्रत्येक वेळी ग्राइंडर लावणार का पिलरला? पिलर म्हणजे केबिनचा कणा आहे, त्याला शक्यतो हात लावू नये.

आता तुझ्या बोल्टाबद्दल. १३ नंबरचा पाना म्हणजे बोल्ट ८ मिलिमीटरचा, एम ८, दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर असणार. पिलरच्या आतल्या बाजूला वेल्ड केलेला नट असतो, तो फिरत नाही ना एवढं बघ. तुकडा फिरवताना आत खडखड वाजली का? वाजली असेल तर नटाचा वेल्ड सुटलाय आणि मग गोष्ट वेगळी.

दुसरं एक काम कर, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. जे डोकं हातात आलं त्याच्या मागे थोडे आटे असतील. एक नवा एम ८ चा बोल्ट आण आणि दोन्हीचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरून बघ. पूर्ण बसतात का, की मध्ये फट दिसते? मोजपट्टी असेल तर पाच आट्यांचं अंतर मोज. एम ८ ला ते सव्वासहा मिलिमीटर यायला पाहिजे. आणि डोक्यावर ८.८ असं काही, म्हणजे बोल्टाच्या मजबुतीचा आकडा, कोरलंय का ते पण सांग. जो बोल्ट नीट निघाला त्याचंही हेच बघ.

खारवारा

मी मालवण भागात गॅरेज चालवतो, आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सात गाड्यांना हाच त्रास, त्यामुळे माझा अनुभव सांगतो. डब्ल्यूडी ४० अर्ध्या तासात काही करत नाही, ते पाणी घालवायला चांगलं, जाम बोल्टाला त्यासाठीच बनवलेलं गंज सोडवणारं तेल घ्यावं, रोस्ट ऑफ वगैरे मिळतं. ते मिळालं नाही तर आमच्याकडे ॲसिटोन आणि पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते एटीएफ तेल निम्मं निम्मं मिसळून वापरतो, प्रत्येक वेळी हलवून घ्यायचं कारण ते दोन्ही वेगळं होतं. पण लक्षात ठेव, ॲसिटोन पटकन पेटतं, ते लावलं की त्या दिवशी तिथे बर्नर नाही, विडी नाही, ग्राइंडर नाही.

वेळ द्यावा लागतो. रात्री लावायचं, सकाळी लावायचं, मध्ये पंचाने बोल्टाच्या मधोमध हलके ठोके द्यायचे, जोरात नाही, टकटक. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून तो आट्यात ठासून बसतो, ठोक्याने त्याला भेगा जातात आणि तेलाला वाट मिळते. दोन तीन दिवस हे केलं की निम्मे बोल्ट बोलायला लागतात. मेणबत्तीचा पण उपाय आहे, बोल्ट तापवून त्याला मेण टेकवायचं, मेण पातळ होऊन आट्यात ओढलं जातं, मी चेसिसच्या बोल्टाला करतो. पण तुझ्या जागेला बर्नर नको. पिलरच्या आतून वायरिंग जातं, बाजूला काचेचं रबर आहे आणि काच एका ठिकाणी तापली की तडा गेलाच म्हणून समज.

वेल्डिंग_मिरज

भावा, एवढा उपद्व्याप कशाला करतोस. तुटलेल्या बोल्टावर १० चा नट ठेवायचा, नटाच्या भोकातून आत वेल्ड भरायचा, लाल असतानाच थांबायचं, जरा गार झाला की पाना लावून हळू मागं पुढं. वेल्डची उष्णता थेट बोल्टाला लागते म्हणून गंजाची पकड सुटते, तेलानं जे चार दिवसांत होत नाही ते इथं चार मिनिटांत होतंय. माझे आत्तापर्यंत कितीतरी निघालेत असे, इंजिनचे पण. सीओटू, म्हणजे गॅसचं वेल्डिंग असंल तर उत्तम, रॉडनं पण होतंय, पण हात बसलेला पाहिजे.

बॅटरीच्या दोन्ही वायरी काढूनच वेल्डिंग लावायचं, आणि अर्थिंगची वायर तिथंच जवळ द्यायची, पार मागं चेसिसला नाही. नवीन गाडी असंल तर ईसीएमचे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचे, सॉकेट पण काढायचे. तुझी २०१४ ची आहे तरी अल्टरनेटरमधले डायोड उडतात, मी स्वतः बघितलंय. काचेवर ओलं गोणपाट टाकायचं, ठिणगी काचेला चिकटली की कायमचा डाग.

लेथ_आणि_टॅप

मिरजकर दादा, पद्धत चांगलीच आहे, मी पण करतो, पण बोल्ट पत्र्याच्या बरोबरीत तुटलाय. बाहेर दोन आटे असते तर मीच म्हणालो असतो नट वेल्ड कर. आता वेल्ड भरताना तो पत्र्याला धरण्याची भीती आहे, आणि एकदा बोल्ट पत्रा नट सगळं एक झालं की मग ड्रिल पण नीट जात नाही, वेल्डचा भाग कडक होतो. त्याच्या इथे हात बसलेला माणूस आहे का हे पण माहीत नाही, जो पट्टी थेट वेल्ड करू म्हणतोय त्याच्या हातात मी हे काम देणार नाही. आधी त्याचं माप येऊ दे.

आंबाघाट_१४

सगळ्यांचे आभार, एवढ्या लवकर एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. काकांचं आधी ऐकलं, होज क्लिपा लावल्या, आरसा आता बराच स्थिर आहे. रात्रीच्या फेऱ्या बंद केल्यात, मासळीवाल्याला सांगितलं पहाटे निघेन.

आता माप. नटाचं म्हणाल तर आत काही वाजत नाही, म्हणजे वेल्ड धरून आहे असं समजतो. डोक्यावर काहीच कोरलेलं नाही, एकदम गुळगुळीत. जो बोल्ट सरळ निघाला त्याच्यावर ८.८ आहे. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मलाच आश्चर्य वाटलं, आटे वेगळे आहेत. नव्या एम ८ शी जुळवून धरला तर दोन आट्यांपर्यंत बसतो आणि पुढे फट पडत जाते. पाच आटे मोजले तर सात मिलिमीटर आणि किंचित वर. १३ चा पाना पण त्याच्या डोक्यावर जरा ढिला बसायचा हे आता आठवतंय, मी समजलो गंजाने झिजलाय.

आणि मग वडील म्हणाले की दोन वर्षांपूर्वी एका मार्केटच्या गेटला हाच आरसा घासला होता तेव्हा रस्त्यावरच्या कोणाकडून तरी दांडा बदलून घेतला होता. तेव्हा एक बोल्ट हरवला होता म्हणून त्याने पेटीतला दुसरा लावला. हा तोच असणार.

लेथ_आणि_टॅप

मिळालं. तो अडीच सुतीचा बोल्ट आहे, पाच सोळांश इंची, एका इंचात १८ आटे. जाडी ७.९४ मिलिमीटर, म्हणजे ८ च्या इतका जवळ की हाताला आणि डोळ्याला फरक कळतच नाही, हार्डवेअरच्या दुकानात पण डब्यांची सरमिसळ होते. पण आट्याचं अंतर १.४१ आहे, तुझ्या नटाचं १.२५. पहिले दोन आटे हाताने सुंदर जातात, तिसऱ्याला अडतो, आणि मग माणूस पाना लावून दाबतो. पान्याच्या जोरावर तो आपला मार्ग कापत आत जातो आणि पाचरीसारखा बसतो. आवळला तेव्हाच तो निम्मा मोडलेला होता, खाऱ्या हवेने फक्त उरलेलं काम केलं.

हे कळल्यामुळे उपाय बदलतो. खारवारा यांनी सांगितलेलं तेल आणि ठोके चालू ठेव, नुकसान नाही, पण ते गंजावर चालतं, इथे लोखंडच लोखंडात रुतलंय. त्यामुळे एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तो उलट्या आट्यांचा निमुळता इझी आउट, त्याच्यावर फार भिस्त ठेवू नकोस. एकदा हळूच लावून बघ, हाताला तो पीळ घेतोय असं वाटलं की त्याच क्षणी सोड. तो आत तुटला तर साध्या ड्रिलने कापत नाही, इतका कडक असतो, आणि मग खरंच पिलर फोडायची वेळ येते. मी आयुष्यात जेवढे अडकलेले बोल्ट बघितले त्यात सगळ्यात वाईट ते होते ज्यांच्यात तुटका एक्स्ट्रॅक्टर होता.

त्याऐवजी सगळा बोल्ट ड्रिलने खाऊन टाकायचा. अडचण एकच असते, मधोमध भोक पाडणं, कारण तुटलेला भाग उंचसखल असतो आणि ड्रिल घसरून मऊ बाजूला पळतं. त्यासाठी तुझ्याकडे आयतीच जिग, म्हणजे ड्रिल सरळ धरायचा साचा, आहे. ती वरची पट्टी परत लाव, चांगला बोल्ट दुसऱ्या भोकात घालून घट्ट कर. आता तुटलेल्या बोल्टासमोर पट्टीचं भोक बरोबर आलं. त्या भोकात घट्ट बसेल अशी एक छोटी बुश, म्हणजे भोकाची नळी, करून घे, बाहेरून पट्टीच्या भोकाच्या मापाची, साधारण ९ असेल, तू मोजून घे, आणि आतून ३.२ मिलिमीटर. त्यातून ३ चं ड्रिल घातलं की ते पळूच शकत नाही. तू कोल्हापूरला जातोसच, उद्यमनगरात कुठल्याही लेथवर दहा मिनिटांत करून देतील, पट्टी सोबत ने म्हणजे मापात चूक नको.

ड्रिल बिट कोबाल्टचे घे, ३, ५ आणि ६.५. भिंतीचं बिट चुकूनही नको, आणि ड्रिलचा हॅमर बंद आहे ना ते बघ. लहान बिटाला वेग जास्त, मोठ्याला कमी, दाब सतत ठेवायचा, नुसतं घासत ठेवलं तर जागा तापून कडक होते आणि बिट निळं पडतं. निळं पडलं की ते गेलं. थेंब थेंब कटिंग ऑइल, नसेल तर इंजिन ऑइल चालेल. सरळ लांब चुरा निघत असेल तर बरोबर चाललंय, भुकटी निघायला लागली तर थांब आणि बिट बदल. आधी ३ चं पार जाऊ दे, पण खोलीवर लक्ष ठेव, नटाच्या मागे वायरिंग असू शकतं, बिटाला टेपची खूण लाव आणि शेवटी दाब कमी कर. आतली प्लॅस्टिकची पट्टी उघडता आली तर उघड आणि वायर बाजूला बांध.

६.५ झाल्यावर नटात फक्त बोल्टाच्या आट्यांची पातळ वेटोळी राहतील, ती टोकदार पंचाने आत ढकलून चिमट्याने ओढता येतात. मग ६.८ चं बिट एकदा हाताने फिरव आणि एम ८ गुणिले १.२५ चा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, तीनचा सेट मिळतो त्यातला पहिला निमुळता आधी. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल घालत. टॅपला कधीही घाई नाही, तो पण एक्स्ट्रॅक्टरइतकाच कडक आणि ठिसूळ असतो. डोळ्यावर चष्मा लाव, वर बघून ड्रिल करताना चुरा थेट डोळ्यात येतो.

वेल्डिंग_मिरज

अडीच सुती घुसवलाय म्हटल्यावर माझं म्हणणं मागं घेतो. पाचर बसल्यावर वेल्ड करून फिरवला असता तर नटाचा वेल्डच सुटला असता, मग आत हात जात नाही आणि बसा बोंबलत. बुशची युक्ती आवडली, मी पण करून ठेवतो ६, ८, १० च्या.

खारवारा

एक शंका, नटाचे आटे अडीच सुतीने कापलेत तर एम ८ परत धरेल का? मला अशा केसमध्ये कधी धरलाय कधी नाही.

लेथ_आणि_टॅप

बरोबर विचारलंत. पुढचे दोन तीन आटे खराब असणार, मागचे किती वाचलेत ते टॅप फिरवतानाच हाताला कळेल. धरले तर थोडा लांब बोल्ट घालायचा म्हणजे नटाच्या पूर्ण जाडीतून पार जाईल, बऱ्याच वेळा मूळ बोल्ट नटात निम्माच असतो. नाहीच धरले तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायची नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, हा सगळ्यात स्वच्छ उपाय, त्याचं स्वतःचं ड्रिल आणि टॅप किटमध्ये येतं आणि बोल्ट परत एम ८ च राहतो. १० चा टॅप मारता येतो ८.५ चं ड्रिल करून, पण वेल्ड नटाची भिंत पातळ राहते आणि पट्टीचं भोक पण मोठं करावं लागतं, म्हणून मला तो आवडत नाही. रिवेट नट, म्हणजे पत्र्यात रिवेटसारखा दाबून बसवायचा नट, अगदी शेवटी, तो सैल पडला की जागीच फिरत बसतो.

आंबाघाट_१४

झालं! काल दुपारी काम संपलं, सगळं सविस्तर लिहितो, कोणाला तरी उपयोगी पडेल.

चार दिवस सकाळ संध्याकाळ तेल आणि ठोके चालू ठेवले. बुधवारी कोल्हापूरला माल उतरवून उद्यमनगरात गेलो, एका लेथवाल्या मामांना पट्टी दाखवली, त्यांनी काही न विचारता बुश करून दिली, पट्टीचं भोक ९.२ होतं म्हणून सोबत नेली ते बरं झालं. कशाला पाहिजे ते सांगितल्यावर त्यांनी त्याच्यावर कॉलर ठेवली म्हणजे बुश आत जाऊ नये. बिट, टॅप सेट, हँडल तिथूनच घेतलं.

काल बॅटरी काढली, आतली पट्टी उघडली तर खरंच नटापासून दोन बोटांवर वायरचा जुडगा होता. तो बांधला आणि मध्ये लाकडाची फळी सरकवली. वरची पट्टी चांगल्या बोल्टवर आवळली, बुश घातली, ३ चं ड्रिल सुरू केलं. सुरुवातीला मी दाब कमी देत होतो, नुसतं चकचकीत होत होतं, मग जोर दिला तेव्हा चुरा यायला लागला. पार जायला दहा बारा मिनिटं लागली असतील, मध्ये मध्ये थांबून तेल. भोक किंचित खालच्या बाजूला गेलंय पण अर्ध्या मिलिमीटरच्या आत. मग पट्टी काढून ५ चं.

इथे एक्स्ट्रॅक्टर लावून बघितला. थोडा धरला, मी हँडलवर जोर दिला तर तो रबरासारखा पीळ घ्यायला लागला आणि बोल्ट जागचा हलला नाही. तुमचं वाक्य आठवलं आणि तिथेच सोडला. खरं सांगतो, तेव्हा अजून थोडा जोर द्यावा असं फार वाटत होतं.

६.५ नंतर वरच्या बाजूला आटे दिसायला लागले, खालच्या बाजूला बोल्टाचा जाडसर चंद्रासारखा तुकडा राहिला कारण भोक सरकलेलं. तो पंचाने आतल्या बाजूला वाकवला आणि चिमट्याने ओढला, एक तुकडा अख्खा निघाला. बाकीचं टॅपने साफ केलं. टॅप पहिल्या दोन फेऱ्यांना एकदम सैल होता, पोटात गोळा आला, पण पुढे त्याने धरलं आणि शेवटपर्यंत धरून होता. म्हणजे मागचे तीन एक आटे शाबूत आहेत. वेल्ड नट जागेवर आहे.

आता दोन प्रश्न आहेत. बोल्टला ग्रीस लावू की लॉकटाइट (आटे पकडून ठेवणारा गोंद)? आणि खालच्या पट्टीचे दोन बोल्ट अजून उघडलेले नाहीत, त्यांना हात लावू की राहू देऊ?

लेथ_आणि_टॅप

फार छान केलंस, पीळ घेतोय म्हटल्यावर सोडलास ते सगळ्यात चांगलं केलंस. या बोल्टाला निळं लॉकटाइट, २४३. ते कंपनाने सुटू देत नाही आणि आट्यातली फट भरल्यामुळे पाणी पण आत जात नाही, आणि नंतर साध्या पान्याने निघतं. लाल घेऊ नकोस. लावायच्या आधी आट्यातलं तेल पूर्ण पुसून काढ. बाकीच्या चांगल्या नटांना कॉपर ग्रीस पुरे. ग्रीस लावल्यावर बोल्ट नेहमीपेक्षा कमी जोरात आवळायचा, कारण तेवढ्याच जोरात तो जास्त ताणला जातो. एम ८ ला तसंही लहान रिंग पान्याने हाताने आवळणं बास, पाइप कधीच नको. या दुरुस्त केलेल्याला तर अजून थोडा कमी.

खालचे उघड, आज ना उद्या उघडावेच लागतील आणि त्या रस्त्यावरच्या माणसाने पेटीतला एकच लावला कशावरून. आधी तेल पाज, मग सोडताना एकाच दिशेने ओढू नकोस. पाव फेरा सोडायचा, परत थोडा आवळायचा, परत सोडायचा. जड लागला की परत तेल आणि उद्या.

खारवारा

आणि पिलरच्या आत पडलेला चुरा काढ रे, तो राहिला तर तिथून गंज धरतो. हवा मारून किंवा चुंबकाला कापड गुंडाळून. भोकाच्या कडेला जिथे रंग गेलाय तिथे झिंक प्रायमर लाव, वाळू दे, मग रबर आणि पट्टी. महिन्यातनं एकदा गोड्या पाण्याने त्या जागा धू, मासळीच्या गाडीला माल उतरवल्या उतरवल्या धुतलं तर सगळ्यात उत्तम, पाणी सुकून मीठ राहिलं की ते परत परत ओल धरतं.

आंबाघाट_१४

खालचे पण झाले. एक मूळचा ८.८, तो तिसऱ्या दिवशी मागे पुढे करत निघाला. आणि दुसरा, तुमचा अंदाज खरा, अडीच सुतीच! पण तो दोनच आटे आत होता, कदाचित त्याला पण जड लागलं म्हणून तसाच सोडला असेल, त्यामुळे सहज निघाला. म्हणजे दोन वर्षं खालची पट्टी एका बोल्टवर आणि वरची एका बोल्टवर आणि एका पाचरीवर होती, म्हणूनच दांडा खाली येत होता. रबर बिचारं ठीकच होतं. चारही बोल्ट नवे ८.८ घातले, दुरुस्त केलेल्याला निळं, बाकीच्यांना ग्रीस. उजव्या बाजूचे पण चारही तपासले, ते बरोबर आहेत. उरलेले दोन नवे बोल्ट पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेत, वर माप लिहून.

घाटातला_ड्रायव्हर

शाब्बास पोरा. आता आरसा लावताना आधी सीटवर तू रोज बसतोस तसा बस, पाठ टेकून, मग क्लीनरला दांडा हलवायला सांग. गाडीची कड आरशाच्या अगदी आतल्या बाजूला बारीक दिसली पाहिजे, आणि खाली मागच्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग दिसला पाहिजे. बरेच जण आभाळच जास्त धरतात. गाडी भरल्यावर मागून बसते, त्यामुळे भरलेल्या गाडीवर परत एकदा बघ.

आंबाघाट_१४

काका, आज भरलेल्या गाडीवर लावला, बर्फासकट. पहाटे घाट चढलो. साखरप्याच्या पुढे चढ लागला तसं डावीकडचं मागचं चाक आणि पांढरी पट्टी दोन्ही स्वच्छ दिसत होती, आरसा जरासुद्धा हलला नाही.